सहावी जागा

आगीच्या बंबाची केबिन केवढी असावी, हा काही झोप उडवणारा प्रश्न नव्हे; पण गुडीहत्नूरकडच्या फायर ठाण्याचे प्रमुख नरसिंगराव त्यावर महिनाभर हटून बसले होते. सन एक्क्याण्णवची गोष्ट. जुन्या बंबाच्या केबिनीत दोघंच मावत, बाकीचे मागच्या पायरीवर दांडी धरून उभे. त्याच पायरीवरून ठाण्याचा जवान डोमाजी गेल्या वर्षी बोथ गावाच्या वळणावर पडला आणि जागीच गेला. आता नवा बंब मंजूर झाला होता.

"माणसं पाच, मंग जागा सहा काऊन?" इंजिनियर केशवराव म्हणाले. "केबिन वाढली का पान्याची टाकी घटते."

"घटू द्या सायेब. पानी कोनत्याबी विहिरीत भेटते. पन मानूस भायेर नाई ठेवाचा आता. जखमी भेटला तं त्याले कुठं बसवू? आन् मागं पायरी तं ठेवूच नका."

शेवटी केशवरावांनी हात टेकले. सहा जागांचा बंब आला. नरसिंगरावांनी नारळ फोडला, नव्या रेक्झिनवरून हात फिरवला, आणि लेकीचं लग्न निर्विघ्न पार पडावं तसं त्यांना हलकं वाटलं.

ठाण्याची एक रीत होती. निघताना प्रत्येकानं आपल्या जागेवरून पत्र्यावर एक थाप मारायची. डोमाजीची थाप मागून यायची, सगळ्यात शेवटी. ती ऐकली की गाडी सुटायची.

दिवाळीनंतर एका जिनिंगमध्ये कापूस पेटला. आग विझवून निघेपर्यंत दिवेलागण झाली. अंगाला, कपड्यांना ओल्या जळक्या सरकीचा वास. पाची जण बसले, पाची थापा पडल्या. आणि मग मागून, टाकीच्या पलीकडून, आणखी एक.

धप.

ड्रायव्हर चिंतामणीचा हात किल्लीवरच राहिला. "सायेब... मागं तं पायरीच नाई..."

नरसिंगराव उतरले. मागे नुसता गुळगुळीत पत्रा आणि अंधार. मानेवर काटा आला, पण ती थाप त्यांच्या ओळखीची होती, आणि भीतीपेक्षा मायाच जास्त दाटून आली. त्यांनी केबिनीतल्या मागच्या बाकाचं दार उघडून धरलं.

"डोमा... ये बाप्पा. आत ये. तुह्यी जागा हाये."

सहाव्या जागेचं रेक्झिन हळूहळू दबलं. बाकावरचे तिघं श्वास रोखून एका कडेला सरकले.

नरसिंगराव पुढे येऊन बसले. पुन्हा थापा पडल्या. पाच... आणि सहावी आतून, त्या रिकाम्या जागेवरून. वर्षभर छातीत रुतलेला काटा निघाला. डोळे भरून आले, तरी ते हसत होते.

"चाल चिंतामणी. आपले सारे आत हायेत."

इंजिन सुरू झालं. आणि मागच्या पत्र्यावर बाहेरून थाप पडली. हलकी, अगदी खालून, एखाद्या लहान पोराच्या हाताची, अनोळखी.

नरसिंगरावांनी वळून पाहिलं. बाकावर आता जागा उरली नव्हती.