‘मोहना’चा शेवटचा टप्पा

“‘मोहना’च येणार. लिहून देते,” नूपुर म्हणाली.

“आणि मी सांगतो, येणार नाही,” केयूर पलंगावर आडवा पडून म्हणाला. “तीस वर्षांपूर्वीचा खेळ. त्यात ना लढाई, ना शर्यत. एक होडी आणि पाणी. तो पुन्हा कोण बनवणार?”

केयूर पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आला होता. मामाचं घर कोलकात्यात, बालीगंजला. नूपुर आणि तिचा धाकटा भाऊ शौनक यांची पूजेची सुट्टी अजून संपायची होती. दुर्गापूजेचे मांडव निघून गल्लीत कालीपूजेचे बांबू उभे राहत होते. वर खोलीत मात्र तिघांचा एकच विषय चालला होता : जुने व्हिडिओ गेम्स. त्यांतले कुठले खेळ नव्या रूपात येणार, यावर चाहत्यांच्या एका गटावर रोज अंदाज बांधले जात, आणि नूपुर त्या गटाची जुनी सभासद होती.

‘मोहना’ तिचा सगळ्यात लाडका. नदी समुद्राला मिळते त्या जागेला बंगालीत मोहना म्हणतात. खेळात एक छोटी होडी घेऊन कोलकात्याजवळून निघायचं आणि सुंदरबनच्या खाड्यांतून वाट काढत समुद्र गाठायचा. पण समुद्र कुणीच पाहिला नव्हता. शेवटच्या टप्प्यात प्रवाह होडीला मागे ढकलायचा, कितीही वल्ही मारली तरी. खेळच तिथे बिघडलेला आहे, असं सगळे चाहते धरून चालले होते.

“आली,” शौनक फोन पुढे करत म्हणाला. “बातमी आली. दीदी जिंकला.”

“जिंकली,” केयूरने दुरुस्त केलं.

“तेच. जिंकली.” शौनक कोलकात्यातच वाढलेला, त्यामुळे मराठीतलं लिंग त्याला नेहमी चकवायचं.

बातमी खरी होती. शहरातली एक कंपनी ‘मोहना’ नव्याने बनवत होती. शनिवारी एस्प्लनेडजवळच्या सभागृहात त्याची घोषणा होती आणि जुन्या खेळाची खुली स्पर्धाही. खाली ओळ होती : ‘मूळ खेळाचे दिवंगत निर्माते एम. एस. यांच्या स्मृतीस.’

नूपुरचा आनंद त्या ओळीपाशी अडला. खेळाच्या पहिल्या पडद्यावर एवढीच दोन अक्षरं असत. हे एम. एस. कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

“नाव माहीत नाही, मग ते वारल्याचं यांना कसं कळलं?” ती म्हणाली.

तिघेही शोधायला बसले. कंपनीने ते चाहत्यांच्या एका पानावरून उचललं होतं. त्या पानाने दुसऱ्या पानावरून, आणि दुसऱ्याने तिसऱ्यावरून. मागे मागे जात ते पार जुन्या गप्पांपर्यंत पोचले. तिथे कुणीतरी लिहिलं होतं, ‘इतक्या वर्षांत यांनी दुसरा खेळ केला नाही, म्हणजे बहुतेक गेले असतील.’

“बहुतेक,” केयूर उठून बसला. “पुढच्याने तेवढा एकच शब्द गाळला.”

“आणि माणूस मेला,” शौनक म्हणाला.

नूपुरने कंपनीला फोन लावला. प्रमुख सलील बसू स्वतः बोलले, पण घाईत. “बेटा, सगळीकडे तेच लिहिलं आहे. इतके लोक चुकतील का? शनिवारी या, मजा करा.” फोन बंद झाला.

“आपणच शोधू,” नूपुर म्हणाली. “असतील तर शनिवारच्या आत सापडायला हवेत.”

त्या संध्याकाळी तिने खेळ पहिल्यापासून लावला. या वेळी होडीकडे न बघता ती काठांकडे बघत होती. दुसऱ्या टप्प्यात एक धक्का आणि एक उंच मनोरा लागायचा, त्याच्या टोकाला हिरवं काहीतरी. धूर चुकून हिरवा रंगवला आहे, अशी चाहत्यांत थट्टा चालायची.

“ही चिमणी मी बघितली आहे,” शौनक म्हणाला.

“चिमणी? कुठे आहे चिमणी?” केयूर पक्षी शोधू लागला.

“अरे, पक्षी नाही. कारखान्याची.”

“मग धुराडं म्हण की.”

“धुराडं. बजबज गावात आहे. बाबांच्या डेपोत गेलो होतो ना, तेव्हा. बंद पडलेली ज्यूट मिल, आणि धुराड्यावर झाड उगवलं आहे. पिंपळाचं.”

नूपुर पडद्याजवळ सरकली. तो धूर नव्हताच. बारीक बारीक पानं होती. ज्याने हे काढलं, त्याने ते धुराडं रोज पाहिलेलं असणार.

नूपुरचे बाबा, विनायकराव, तेल कंपनीत अधिकारी होते आणि त्यांचा डेपो हुगळीकाठच्या बजबजलाच होता. त्यांनी तिघांचं सगळं ऐकून घेतलं. “सकाळी माझ्याबरोबर लोकलने चला,” ते म्हणाले. “दुपारी डेपोच्या फाटकावर भेटा. आणि कुणाच्या घरी जाल तर आधी मला फोन करायचा.”

धुराडं सापडायला वेळ लागला नाही. पिंपळ आता चांगला फोफावला होता. अवघड होतं ते त्यापुढचं. ‘खेळ बनवणारे एम. एस.’ म्हटल्यावर धक्क्यावरचे लोक नुसते मान हलवत. उन्हाचा चटका बसायला लागला. केयूरच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो पाय फरफटत चालू लागला.

“परत जाऊ या का?” शौनकने विचारलं.

“अजून नाही,” नूपुर म्हणाली. “आपण चुकीचं विचारतो आहोत. खेळ कुणालाच माहीत नसेल. तीस वर्षांपूर्वी इथे कॉम्प्युटर कोणाला येत होता, ते विचार.”

शौनकने चहाच्या टपरीवर बंगालीत तसं विचारलं. चहावाल्याने ताबडतोब गल्लीकडे बोट दाखवलं. “कॉम्प्युटर-दीदीमणी. शाळेत गणित शिकवायच्या. हिरव्या खिडक्यांचं घर.”

दीदीमणी म्हणजे बाई, शिक्षिका. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एम. एस. ही बाई असेल, असं एकाही चाहत्याच्या मनात आलं नव्हतं. नूपुरने बाबांना फोन केला आणि मग कडी वाजवली.

पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या एका बाईंनी दार उघडलं. दारावर पाटी होती : मंजुश्री सान्याल.

“‘मोहना’ तुम्ही केलात का?” नूपुरने बंगालीत विचारलं.

“हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आत या.”

नूपुरने त्यांना बातमी दाखवली. त्यांनी ‘दिवंगत’ हा शब्द चष्मा वर करून पुन्हा वाचला. “मी गेले, आणि मलाच पत्ता नाही.” त्या हसल्या, पण लगेच फोन परत केला. “करू देत त्यांना. ज्या कंपनीत तो केला तिथली नोकरी सुटली, तेव्हा खेळही तिथेच राहिला. मी शाळेत शिकवलं, माझं चांगलं चाललं. आता नावाचं काय करायचं?”

इतकं शोधून ते रिकाम्या हाताने परत जाणार होते. तेवढ्यात शौनकने नव्या खेळाची छोटी चित्रफीत लावली. होडी वेगाने आली. होडीवर बंदूक होती. काठावर वाघ दिसला आणि धडाधड गोळ्या सुटल्या.

मंजुश्रीबाईंचा चेहरा बदलला. “माझ्या होडीत बंदूक नव्हती,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “माझे वडील होडी चालवायचे. पाणी ओळखायला शिकलं की वाघाच्या वाटेत जावंच लागत नाही, असं सांगायचे. सगळा खेळ त्यावर होता.” त्या उठल्या. “शनिवारी किती वाजता?”

शनिवारी सभागृह मुलांनी आणि मोठ्यांनी भरलं होतं. दाराशीच सलीलबाबू उभे होते.

“सर, या मंजुश्री सान्याल. यांनीच मूळ—” नूपुरने सुरुवात केली.

“नमस्कार, नमस्कार. आजींसाठी खुर्च्या त्या बाजूला आहेत,” सलीलबाबू म्हणाले आणि कानाला फोन लावून निघूनही गेले.

नूपुरचे कान तापले. “थांब,” केयूर तिला म्हणाला. “ते ऐकणार नाहीत. पण बघतील तर? स्पर्धा खुली आहे ना?” तो सरळ टेबलाशी गेला आणि त्याने नाव नोंदवलं : एम. सान्याल, बजबज.

स्पर्धा शेवटच्या टप्प्याची होती. जो सर्वांत पुढे जाईल तो जिंकेल. एकेक जण येत होता, जीव खाऊन बटणं दाबत होता आणि प्रवाह त्याला मागे ढकलत होता. मंजुश्रीबाईंची पाळी आली तेव्हा कोणीतरी मागे खुदकन हसलं.

त्यांनी होडी पुढे नेलीच नाही. काठाला वळवली, एका खुंटाला बांधली आणि हात मांडीवर ठेवले.

“आजी, बटण दाबा,” एक मुलगा ओरडला.

“भरती आहे,” त्या म्हणाल्या.

मोठ्या पडद्यावर काहीच घडत नव्हतं. लोक चुळबुळू लागले. सलीलबाबू तरातरा पुढे आले, त्यांना उठवण्यासाठी. नूपुर वाटेत उभी राहिली. “सर, खेळ चालू आहे. नियमाप्रमाणे मध्ये उठवता येत नाही.” शौनक आणि केयूर तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. सलीलबाबूंना थांबावं लागलं.

आणि पडद्यावरचं पाणी चढू लागलं. खुंट हळूहळू बुडाला. काठातून फुटणारा एक अरुंद फाटा पाण्याने भरला, प्रवाह थबकला आणि मग समुद्राकडे वळला. तो फाटा आजवर सगळ्यांना चिखल वाटत होता. मंजुश्रीबाईंनी दोर सोडला. होडी त्या फाट्यातून अलगद निघाली, एक वळण, दुसरं, आणि पडदा निळा झाला. समुद्र.

निळ्यावर अक्षरं उमटली : ‘मंजुश्री सान्याल, बजबज.’

सलीलबाबूंनी अक्षरं वाचली, मग खुर्चीतल्या बाईंकडे पाहिलं. “आपण…?”

“दिवंगत एम. एस.,” त्या म्हणाल्या.

आधी हशा पिकला, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सलीलबाबूंचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी पळवाट शोधली नाही. ते ध्वनिक्षेपकाशी गेले. “आम्ही विचारलं नाही. वाचलं आणि मानलं,” ते म्हणाले. “एका मुलीने फोन केला होता, तेव्हाही ऐकलं नाही. माफ करा. नवा खेळ आता दीदीमणींच्या सल्ल्याशिवाय पुढे जाणार नाही.”

“आणि बंदूक?” मंजुश्रीबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

“बंदूक नाही,” सलीलबाबू म्हणाले.

विनायकराव तिघांना न्यायला आले होते आणि मागच्या रांगेतून सगळं बघत होते. त्यांनी केयूरच्या पाठीवर थाप मारली, शौनकला जवळ घेतलं. “हजार लोकांनी जे खरं मानलं, ते तुम्ही तपासून पाहिलंत,” ते म्हणाले. “आणि ऐकत नाहीत म्हणून सोडून दिलं नाहीत. मला तुमचा अभिमान वाटतो.”

“ए मुली,” मंजुश्रीबाईंनी नूपुरला हाक मारली आणि खुर्ची रिकामी केली. “आता तू.”

नूपुर बसली. तिने होडी काठाला लावली, दोर बांधला आणि बटणांवरून हात काढले.

“आता घरी निघायला किती वेळ?” विनायकरावांनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

“भरती संपेपर्यंत,” मंजुश्रीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.