राखणीला कोण बसणार?

दुर्बीण म्हणे! तिला काच नाही, नळी नाही, आणि भर दुपारी ढगाळ आभाळातही ती चालू. मग ती बघते तरी काय? मला विचाराल तर आम्हालाच. आमच्या ठाकरवाडीसमोरच्या टेकाडावर ती अवाढव्य परात उभी राहिली, त्या दिवसापासून मी, बुधी पादीर, इयत्ता सहावी, तिच्यावर नजर ठेवून होते.

सन दोन हजार एकसष्टमधली ही गोष्ट. एके दिवशी परातीवाल्या शास्त्रज्ञ लेलेबाई घरी आल्या. शेताभोवतीचं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी पेटी) महिनाभर बंद ठेवाल का, असं त्यांनी माझ्या आजाला विचारलं. आता आली का पंचाईत! मशीन बंद झालं की रानडुकरं नाचणी फस्त करणार. मग वर्षभर आम्ही खायचं काय? आजाच्या लहानपणी धरणवालेही असेच गोड बोलत आले होते आणि त्याचं गाव पाण्याखाली गेलं होतं.

बाईंनी पिशवीतून जुना रेडिओ काढला आणि कुठलंच स्टेशन न लावता तारेजवळ धरला. टक, टक, टक. प्रत्येक झटक्याला आवाज. त्यांनी समजावून सांगितलं, की तारे आणि वायूचे ढग नुसता उजेड देत नाहीत, रेडिओलहरीही (डोळ्यांना न दिसणारे, प्रकाशाचेच भाऊबंद) सोडतात. त्या दिवसाही येतात, ढगांतूनही येतात. परात त्या गोळा करते. पण इतक्या लांबून येता येता त्या फारच क्षीण होतात. तारेतल्या ठिणगीतूनही रेडिओलहरीच निघतात. शेजारी ढोल वाजत असताना कोणी कानात कुजबुजलं तर काय ऐकू येणार? अशा आडव्या येणाऱ्या लहरींना व्यत्यय म्हणतात.

मला पटलं, पण अर्धंच.

आजाने वाडीची रीत सांगितली. ज्याच्या कामापायी दुसऱ्याचं शेत उघडं पडतं, त्याने मचाणावर बसून त्या शेताची राखण करायची. बाई लगेच हो म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी मचाणावर कोण? यंत्रमानव! डोळ्यांत दिवे, पोटात भोंगा. आजा मान फिरवून कामाला लागला. डुकरं फिरकली नाहीत, हे मात्र खरं.

चार-पाच दिवसांनी बाई तणतणत आल्या. परातीत खरखर होतीच. चोरून मशीन चालवता का, असं त्यांनी आजाला तोंडावर विचारलं. मशीन तर आमच्या घरात कोपऱ्यात पडलं होतं. आजाचा चेहरा एवढासा झाला आणि माझं डोकंच फिरलं. मी त्यांचा रेडिओ उचलला आणि शेताकडे निघाले. त्या माझ्या मागोमाग. तारेजवळ रेडिओ गप्प, विहिरीजवळ गप्प. मचाणाकडे वळले तशी खरखर वाढली. शिडीखाली तर कान किटले. वरून यंत्रमानव मला नमस्कार करत होता.

"खरखर तुमच्याच राखणदाराच्या पोटात आहे," मी म्हणाले.

दिवे आणि भोंगा खास राखणीसाठी नंतर बसवले होते आणि त्यांच्यातूनच व्यत्यय येत होता. आपलंच यंत्र, म्हणून ते कोणी तपासलंच नव्हतं. आमच्यावर मात्र पहिला संशय! बाई तशाच माघारी वळल्या आणि आजासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं, आजोबा."

"रीत मी माणसाला सांगितली होती, बाई," आजा म्हणाला.

यंत्रमानव बंद झाला. कापणीपर्यंत कधी बाई, कधी त्यांचे सोबती मचाणावर बसले. बाईंच्या गोफणीतला पहिला दगड आमच्याच कौलावर पडला. पण खरखर गेली. मग त्यांनी मला परातीजवळ नेऊन कानाला यंत्र लावलं. नुसतं बारीक सूंऽऽ. आजाचा आजाही जन्मला नव्हता, तेव्हा एका वायूच्या ढगातून निघालेल्या लहरी होत्या त्या. परातीने त्या टिपल्या आणि यंत्राने त्यांचा आवाज करून मला ऐकवला. मला तिथून उठवेना.

नाचणी घरात आली. पुढच्या सालीही मशीन बंद ठेवाल का, असं बाईंनी भीत भीत विचारलं. मी आजाकडे बघितलं. त्याने त्यांना नाचणीची कणसं झोडायला बसवलं आणि म्हणाला, "मचाणाची शिडी मोडलीय. आधी ती बांधा."