विंचवाचा आठवा पाय

हसून घ्या रे, हसून घ्या. मग एकट्याने मोरीवर जायची वेळ आली की मला उठवू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो गोंदणारा माझा दोस्त, त्यानेच मला कागदावर लिहून दिली.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा. लेकीचा फोन गोंदणाच्या दुकानात चार्जिंगला राहिला, तो आणायला गडी निघाला. चोरीपायी तुरुंगात जाऊन आलेला बाप. लेकीने घरात घेतला तो एकाच शपथेवर. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता, "बाई, मी चोर आहे. पण कुणाचा जीव घेतलेला नाही."

तुरुंगातही तो गोंदायचा. जळक्या चपलेची काजळी, तारेची सुई. तिथला नियम त्याने लेकीलाही सांगितला होता. खून केला असेल त्याच्याच मनगटावर विंचू, आठ पायांचा. एक भुरटा पोरगा पाया पडला, "काका, विंचू काढा, म्हणजे मला कुणी मारणार नाही." याला दया आली. सात पाय गोंदले. आठवा भीतीपोटी गोंदलाच नाही.

बराकीतल्या दादांना कळलं. खोटा विंचू! त्यांनी ब्लेडने पोराचं कातडं सोललं, मनगटापासून कोपरापर्यंत. आणि हात कुणी धरून ठेवला? यानेच. नाहीतर याचा नंबर होता. पोरगं पहाटेपर्यंत "काका, काका" करत होतं. मग कायमचं गप्प झालं.

तर, दुकानाचं शटर वर केलं. फोन उचलला. मागून आवाज...

"काका, एक पाय राहिलाय."

खुर्चीत कुणीतरी. टेबलावर हात. सोललेला. रक्त ठिबकतंय. टप... टप...

"नको रे, लेकरा..."

मशीन आपोआप सुरू झालं. याचं उजवं मनगट कुणीतरी धरलं. दाबून.

मग...

सकाळी लेक शोधत आली. बाप जमिनीवर, शुद्धीत, पण वाचा बसलेली. रक्ताचा थेंब कुठे नाही. उजव्या मनगटावर विंचू. त्याच्याच हातचं काम, आणि गोंदतो तो उजव्याच हाताने! शाईसुद्धा ताजी नव्हती रे. हिरवट पडलेली, वर्षानुवर्षं जुनी.

लेकीने खाली बसून पाय मोजले. पुन्हा मोजले.

आठ.

तिने फोन उचलला आणि बापाकडे न बघता घरी गेली.