ओली बाळंतीण

पांढरा रंग संपला म्हणून मी परभणीला निघालो होतो. नाहीतर चारठाण्यातली ती खोली मी सोडलीच नसती.

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. तैलरंग शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून जुन्या इटालियन उस्तादाची मेरी आणि तिच्या मांडीवरचं बाळ येशू एका छापील चित्रावरून उतरवायला घेतलं. आधी कातडीखाली हिरवट थर, मग वरून गुलाबी. डोळे शेवटी, मूर्तिकार ठेवतात तसे. घरमालकीण तानुबाईंची लेक पंचफुला बाळंतपणाला आली होती. आधीची दोन पोटातच गेलेली. पदर कसा पडतो ते बघायला तिला समोर बसवलं, तर मेरीला चेहराही तिचाच आला.

रंगात घातलेलं घाण्यावरचं जवसाचं तेल वाळता वाळेना. तानुबाई रोज बोट लावून बघायच्या.

"गुरुजी, अजून ओलीच हाय की."

"वेळ लागतो."

"म्हंजी ओली बाळंतीण. एकटी सोडू नका तिला. दिवा ठिवा, उशाला इळा ठिवा. माझ्या लेकीचं तोंड हाय तिला."

मला हसू आलं. बाळाचे डोळे तेवढे राहिले होते. कुलूप लावून निघालो आणि परभणीत नामांतराच्या बंदात काही दिवस अडकलो. एसटी सुरू झाल्यावर परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत जवसाचा वास, आणि त्याखाली बाळंतिणीला देतात त्या ओवा-शेपांच्या धुरीचा. मी कंदील वर धरला.

चित्रातली बाई तशीच बसली होती, हात तसेच वळलेले. मांडी रिकामी होती. तिथं कोरं कापडही नव्हतं. मी कधीच न काढलेल्या लुगड्याच्या चुण्या होत्या.

अंगणापलीकडून तान्ह्या बाळाचं रडणं आलं. मी धावलो. तानुबाई डोळ्यांना पदर लावून त्यांच्या दारातच उभ्या होत्या.

"नातू झाला... जित्ता हाय."

"मग रडता कशाला?"

त्यांनी मला आत नेलं. पंचफुला चित्रातल्यासारखीच बसली होती, आनंदानं वेडी झालेली. बाळाच्या कपाळाखाली गालापर्यंत सपाट कातडी होती. पापण्यांची रेघसुद्धा नव्हती. मी गालाला हात लावला. बोटाला गुलाबी लागलं, खाली हिरवट दिसलं.

तानुबाईंनी माझा बारीक ब्रश पुढं केला. तो तर मी खोलीत कुलपाच्या आत ठेवून गेलो होतो.

"अजून ओला हाय, गुरुजी... वाळायच्या आत काढा."