गालावरचं कुंकू

नवऱ्याच्या गालावर लाल डाग दिसला आणि शमिकाच्या काळजात धस्स झालं.

रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती. शेजारच्या ल्यूडर्सआजोबांना नुकतंच ॲम्ब्युलन्सने नेलं होतं. ती ऑफिसातून घरी येते, तो हा प्रकार.

“प्रताप, तुला लागलंय?”

“मला? छे.” त्याने तळव्याने उजवा गाल पुसला. “कुंकू आहे गं. आईची पूजा. ल्यूडर्सना मांडीत गोळी लागली. कुंपणापाशी अक्रोड वेचत होते.”

“गोळी? कोणाची?”

“शिकाऱ्यांची असणार. मक्याच्या शेतात दुपारपासून ढाणढाण चाललंय.”

ते खोटं नव्हतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या बाहेरच्या या गावात ऑक्टोबरात मका कापायला घेतला की आत दडलेली रानडुकरं बाहेर पळतात आणि शिकारी शेताच्या कडेला दबा धरून बसतात. शेत दोन्ही घरांच्या अंगणांना लागूनच होतं.

आणि त्या दिवशी खंडेनवमी होती. प्रतापच्या आई प्रभाताई दिवाळीपर्यंत राहायला साताऱ्याहून आल्या होत्या. तिकडे त्या विळी, कोयता आणि शिलाई मशीन पुजत. इथे मुलाच्या घरात खरीखुरी रायफल! प्रताप गावच्या नेमबाजी क्लबचा सभासद होता, परवाना अगदी रीतसर. देवघरापुढच्या पाटावर रायफल, शेजारी ताम्हनात एक काडतूस, पलीकडे लॅपटॉप आणि इस्त्री. सगळ्यांना झेंडू, सगळ्यांना हळदकुंकू. रायफलच्या लाकडी दस्त्यावर तर आईंनी कुंकवाची पाच बोटं हौसेने ओढली होती. तसा फोटोच त्यांनी दुपारी शमिकाला पाठवला होता.

आता पाट रिकामा होता.

“बघ ना,” प्रभाताई कुरकुरल्या, “उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नसतं. तर याने सगळं उचलून कपाटात कोंडलं.”

“अगं आई, पोलीस दारात. रायफल बाहेर दिसली तर परवाना जाईल माझा.”

यात काही खोट काढण्यासारखं नव्हतं. शमिकानेही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, इन्स्पेक्टर फ्राऊ टीले, म्हणजे टीलेबाई, आल्या. पन्नाशीच्या, शांत, चहा नको म्हणणाऱ्या.

“हेर देशमुख,” त्यांनी जर्मन रीतीने ‘श्रीयुत’ लावून विचारलं, “तुमची रायफल कुठे असते?”

“लोखंडी कपाटात. किल्ली माझ्याकडेच.”

“काल संध्याकाळी?”

प्रतापने क्षणभर आईकडे पाहिलं. “दुपारी पूजेला बाहेर काढली होती. आमचा धार्मिक रिवाज आहे. मग परत आत.”

“तुम्ही काही ऐकलंत?”

“शेतातले बार. तेवढंच.”

टीलेबाईंनी फोनवर एक फोटो दाखवला. ल्यूडर्सच्या वाफ्यातल्या मातीत सापडलेली गोळी. जराशी वाकलेली, पण अखंड, शेंड्यापर्यंत तांब्याच्या रंगाची.

“अशी काडतुसं आहेत तुमच्याकडे?”

“हो. क्लबात सरावाला सगळे हीच वापरतात, स्वस्त पडतात. खोका कपाटात आहे.”

“बरोबर. बऱ्याच जणांकडे आहेत,” टीलेबाई म्हणाल्या. “तर, शिकाऱ्यांपैकी ओलेनडॉर्फची रायफल आम्ही जप्त केली आहे. तोच या बाजूला बसला होता. कुत्र्यावरून ल्यूडर्सशी त्याचं वाकडं होतं. तो म्हणतो, रानडुकरावर असली गोळी कोणी झाडत नाही. पण म्हणणारे काय, काहीही म्हणतात. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागेल, तोवर त्याचा परवाना स्थगित.”

ओलेनडॉर्फ वनरक्षक होता. परवाना गेला की त्याची नोकरीही गेली.

शमिकाचं लक्ष मात्र नवऱ्याकडे होतं. कालपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. फोटो पाहिला आणि त्याचे ताठलेले खांदे सैल झाले. टीलेबाई गेल्यावर त्याने आईकडे चक्क पुरणपोळी मागितली, वर तुपाची वाटीही.

शेजारचा म्हातारा इस्पितळात, आणि गोळीचा फोटो पाहून याला भूक लागते?

शमिका सॉफ्टवेअर तपासायचं काम करी. आपण काय दिलं असं वाटतं आणि आत खरोखर काय गेलं, यातला फरक शोधायचा, हीच तिची भाकरी. घरी या सवयीची चेष्टा होई. आज तिला त्या सवयीची भीती वाटली.

तिला ऑगस्ट आठवला. सगळे सुट्टीवर गेलेले असताना चोरांनी घर फोडलं होतं, तिच्या आईच्या पाटल्या गेल्या होत्या. ती प्रतापला म्हणाली होती, “घरात बंदूक असून उपयोग काय? शोभेला ठेवलीयेस?” बोलून गेली आणि विसरली. तो विसरला नाही. रात्ररात्र बसून तो काडतुसांची तुलना करू लागला. पूर्ण तांब्याच्या कवचाची गोळी आरपार जाते, पलीकडच्याचा जीव घेईल. टोकाला शिसं उघडं असलेली गोळी आदळताच पसरते, लवकर थांबते. क्लबातल्या एका जुन्या सभासदाने त्याला फटकारलं होतं, घर राखायला गोळी निवडू नकोस, चांगलं कुलूप निवड. तरी त्याने शिशाच्या टोकाचा एक खोका आणलाच. “शेजाऱ्यांना धोका नको,” म्हणाला होता. तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. आज त्या कौतुकाची तिला लाज वाटली.

दुपारी ती ल्यूडर्सच्या मांजराला खायला घालायला गेली. कुंपणापलीकडे, त्याला लागूनच, शमिकाच्या घरची लाकडांची रास दिसत होती. घराकडची रांग प्रतापने सकाळीच आत नेली होती. “थंडी वाढलीय,” म्हणत त्याने ती शेगडीत जाळलीही. मागची रांग तशीच होती. तिच्यातल्या एका ओंडक्याला बोटभर भोक होतं आणि त्याच्या चिरफळ्या ल्यूडर्सच्या बाजूला फुटल्या होत्या.

ती घरी आली ती थेट देवघराशी. “आई, ताम्हनातलं काडतूस प्रतापनेच ठेवलं होतं ना?”

“त्यानेच दिलं होतं. पण ते कसलं गं, टोकाला बोथट, शिसं बाहेर आलेलं. खंडित शस्त्र का कधी पुजतात? याचा फोन वाजला, हा बाहेर गेला. कपाट उघडंच होतं. मी दुसऱ्या खोक्यातलं छान अख्खं, तांब्यासारखं लखलखीत घेतलं. ते फुटकं वातींच्या खणात ठेवलंय. त्याला द्यायचं राहूनच गेलं बघ.”

खणात, वातींच्या पुडीखाली, राखाडी नाकाचं काडतूस होतं. शमिका तिथेच खाली बसली. हे आपल्याला सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला अगदी स्पष्टपणे वाटलं. मग ओलेनडॉर्फ आठवला आणि त्या विचाराचीही शरम वाटली.

संध्याकाळी तिने ते काडतूस प्रतापसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवलं. प्रभाताई पदराला हात पुसत येऊन बसल्या.

“काल दिवेलागणीला तू घरी होतास. आई, तुम्ही कुठे होतात?”

“मी स्वयंपाकघरात, पुरण वाटत होते. मिक्सर सुरू होता,” प्रभाताई म्हणाल्या.

“रायफल तेव्हा पाटावरच होती. लाकडांच्या राशीमागे खुडबुड झाली. तुला वाटलं, पुन्हा चोर. बरोबर?”

प्रतापने पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

“तू ताम्हनातलं काडतूस भरलंस. उजेड निरांजनाचा, काडतूस हळदकुंकवाने माखलेलं, त्याचं टोक तुला दिसलंच नाही. दार उघडून तू राशीवर झाडलंस.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“कुंकू कपाळाला लागतं, प्रताप. तुझ्या गालावर होतं, उजव्या. आईंनी ते दस्त्यावर लावलं होतं. दस्त्याला गाल कधी लागतो? नेम धरतानाच.”

त्याचा हात आपोआप गालाकडे गेला.

“पोलीस आले म्हणून तू रायफल आत ठेवलीस हे खरं. ती तोपर्यंत बाहेर होती, हे तू सांगितलं नाहीस. आणि आज फोटो पाहून तुला भूक लागली. का लागली, सांगू?”

“सांगू नकोस,” प्रताप म्हणाला. “मीच सांगतो. राशीवरची ताडपत्री हलली. मी ओरडलो, कोणी ओ दिली नाही. ल्यूडर्सना कमी ऐकू येतं हे विसरलो. खाली, ओंडक्यांवर झाडली, घाबरवायला. मग त्यांची किंकाळी. रात्रभर मेल्यासारखा पडून होतो. सकाळी ती गोळी पाहिली, पूर्ण कवचाची. माझी तर शिशाच्या टोकाची होती! माझी ओंडक्यात थांबली, ती शिकाऱ्याचीच होती. देवाशपथ, शमिका, मला तसंच वाटलं.”

“तसं वाटून घ्यायचं होतं तुला. म्हणून पुढची लाकडं जाळलीस, आत बघितलं नाहीस.” तिने ते काडतूस त्याच्याकडे सरकवलं. “तू निवडलेलं हे. हे झाडलंच गेलं नाही.”

तो काडतुसाकडे पाहत राहिला. मग हळूच मान वर करून त्याने आईकडे पाहिलं.

प्रभाताईंना कळायला थोडा वेळ लागला. “म्हणजे... मी घेतलेली? ती अख्खी? अरे, त्या माणसाने मला परवाच आलुबुखार आणून दिले होते रे. भाषा कळत नाही तरी हसून नमस्कार करायचा.”

“आई, नेम तुमचा नव्हता,” शमिका म्हणाली. पण त्या देवघराकडे तोंड करून बसल्या, आणि त्यांची पाठ हुंदक्यांनी हलत राहिली.

“जर्मन नागरिकत्वाचा माझा अर्ज... तो आता गेलाच,” प्रताप पुटपुटला.

“ओलेनडॉर्फच्या घरी काय चाललं असेल आत्ता? फोन तू करतोस की मी करू?”

त्याने टीलेबाईंचं कार्ड काढलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. जर्मन त्याला चांगलं येत होतं, तरी पहिल्या वाक्याला तो तीनदा अडखळला. गोळी माझी. घर राखायला गोळ्या निवडल्या, त्याही मीच. एकटा मीच. ओलेनडॉर्फचा काही संबंध नाही. आईचं नाव त्याने घेतलं नाही.

पलीकडे टीलेबाईंनी सगळं टिपून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “हेर देशमुख, तुम्ही सुशिक्षित माणूस. घरासाठी म्हणून गोळ्या निवडाव्यात, हे तुमच्या डोक्यात आलं तरी कुठून?”

प्रतापने शमिकाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“घाबरलो होतो,” तो म्हणाला. “माझंच डोकं.”

आता गप्प राहणं किती सोपं होतं. शमिकाने टेबलावरचा फोन उचलून तोंडाजवळ धरला.

“फ्राऊ टीले, मी शमिका देशमुख,” ती म्हणाली. “ते माझ्या बोलण्यातून आलं. मी त्याला काय म्हणाले होते, ते मला तुम्हाला सांगायचंय.”