रेषेच्या आतलं घर

"सही कर, ताई... पाया पडतो तुझ्या, पण सही कर!"

दोमितिलाच्या हातातलं मक्याचं कणीस सोलता सोलता तसंच राहिलं. समोर चुलीपाशी तिचा धाकटा भाऊ मान खाली घालून बसला होता... रेमिहियो तोलाबा, प्रांताच्या विधानसभेतला आमदार, ज्याच्या नावाचा जयजयकार गेल्याच महिन्यात खाली पुकायोक गावाच्या चौकात झाला होता! पुकायोकचं खोरं आणि त्यातला तो तांबडा-जांभळा-हिरवा रंगीत डोंगर संरक्षित वारसा ठरवणारा कायदा त्याने सहा वर्षं झगडून मंजूर करून घेतला होता. 'आता आपल्या डोंगराला कुणी सुरुंग लावणार नाही!' असं त्याने चर्चच्या पायरीवरून सांगितलं, तेव्हा खाणवाल्यांच्या धास्तीने इतकी वर्षं झुरलेली दोमितिला शालीत तोंड लपवून आनंदाने रडली होती.

आणि आज तोच कायदा तिच्या दारात उभा होता.

"संरक्षित भागाच्या रेषेच्या आत अकरा घरं आलीत, ताई. आत राहायचं नाही, शेळ्या-लामा चारायच्या नाहीत. बाकीच्या दहा घरांचं एकच म्हणणं... आधी तुझ्या बहिणीला खाली उतरव, मग आमच्या दारात ये. विरोधक टपूनच बसलेत. आमदाराने स्वतःच्या बहिणीला वगळलं म्हणून कोर्टात गेले, तर सगळा कायदाच पडेल. खाणवाले पुन्हा येतील!"

"ही रेषा आखली कुणी, रेमी?"

"तज्ज्ञांनी."

"तू बघितली नव्हतीस?"

त्याने चुलीत एक काटकी सारली. मग पुटपुटला, "बघितली होती."

बघितली होती! आई गेली तेव्हा चार वर्षांच्या रेमीला पाठीवर बांधून दोमितिला याच उतारावर शेळ्या राखत होती. खेचरांवरून मीठ नेणाऱ्या क्रिसान्तोने तिला मागणी घातली, तेव्हा 'पोराला मामाकडे ठेव आणि माझ्याबरोबर चल' एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि तिने त्या भल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. पुढे रेमीच्या वकिलीच्या शिक्षणापायी कळपातली एकेक लामा गेली... त्याचं तिला कधी दुःख वाटलं नाही. पण ज्या माणसाला तिने मोठं केलं, त्याने नकाशावर तिचं घर आत घेणारी रेषा पाहिली होती, आणि तरीही कायद्याच्या बाजूने हात वर केला होता!

"आणखी एक, ताई... मी सही मागायला आलो होतो हे कुणाला कळता कामा नये. दबाव टाकला म्हणतील."

"मग काय सांगू लोकांना?"

"सांग... तुलाच खाली यायचं होतं."

दोमितिलाने हात शालीला पुसले. शाळेतून येऊन त्यानेच तिला जमिनीवर गिरवायला शिकवलेली अक्षरं तिने एकेक करून घर सोडल्याच्या कागदावर उमटवली. "जेवून जा," एवढंच ती म्हणाली. तो घाईत होता, थांबला नाही.

तिच्या पाठोपाठ दहाही घरं उतरली. त्यांना गावाबाहेर सरकारी वसाहतीत एकसारखी ठेंगणी घरं मिळाली, तिला बाजारामागे एक खोली. कळप विकले गेले. शेजारची म्हातारी सेनोबिया, जिच्याबरोबर चाळीस वर्षं दोमितिलाने एका झऱ्याचं पाणी भरलं होतं, तिने भर बाजारात विचारलं, "का गं सही केलीस? तू अडून बसली असतीस तर त्यांची आम्हाला हात लावायची छाती नव्हती!"

"मला... मला गावातली सोय हवी होती, सेनोबिया. गुडघे दुखतात."

"गुडघे!" म्हातारी थुंकली. "तुझ्या गुडघ्यांपायी दहा घरं उठली!"

त्या दिवसापासून कुणी तिच्याशी बोललं नाही. बाजारात ती कांदे निवडायला वाकली की बायका बाजूला सरत. ती सहन करत राहिली... बाहेरून येणारे लोक डोंगराचं रूप पाहून हरखत, आणि डोंगर खरोखरच अभंग उभा होता, हे तर खोटं नव्हतं! रेमी अधूनमधून निरोप धाडी, 'ताई, बरी आहेस ना?' ती उलट निरोप देई, 'मजेत आहे.' आणि त्याचा त्यावर विश्वास बसे. विश्वास ठेवणं सोयीचं होतं!

दोन वर्षांनी, ऑगस्टच्या पहिल्या दिवशी, धरतीमातेला जेवू घालायचा सोहळा कायद्याच्या स्मरणार्थ गावाच्या चौकात ठरला. नैवेद्य ठेवायला खड्डा खणला होता. पाचामामेसाठी, म्हणजे धरतीमातेसाठी, शिजवलेलं मांस, मका, कोकाची पानं, मक्याची आंबवलेली चिचा, सगळं मांडलं होतं. वयाने मोठी म्हणून पहिला घास वाहायचा मान सेनोबियाचा होता आणि तिच्या शेजारी, पांढराशुभ्र सदरा घालून, रेमिहियो उभा होता. तीन महिन्यांवर निवडणूक होती.

रांगेतून दोमितिला पुढे आली. ओंजळीत कोकाची पानं घेऊन ती गुडघ्यांवर बसणार, तोच सेनोबियाने काठी आडवी घातली.

"तू नाही. डोंगर विकणाऱ्या हातचं धरतीआई खात नाही!"

 दोमितिलाने पानांची ओंजळ छातीशी ओढून घेतली...

"काय बोलता मावशी?" रेमिहियो गोंधळून म्हणाला. "माझी ताई..."

"तुझी ताई! तिनेच सांगितलंय आम्हाला, गावातल्या सोयीसाठी सही केली म्हणून. दोन वर्षं तिचं तोंड पाहत नाही आम्ही. तुला ठाऊक नाही?"

रेमिहियोने बहिणीकडे पाहिलं. वाळलेला चेहरा, पांढरे केस, दोन वर्षांचं एकटेपण... ती मान हलवून त्याला खुणावत होती, 'गप्प राहा, रेमी, गप्प राहा!' आयुष्यभर तिने त्याला असंच पाठीशी घातलं होतं.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. आवाज फाटला. "मी गेलो होतो तिच्या घरी. सही मी मागितली. हे खोटंही मीच सांगायला लावलं. रेषा कुठून जाते ते मला मत देण्याआधीच माहीत होतं!"

 गलका उसळला. "चालता हो इथून!" "बहिणीलाही विकलंस का रे?" कुणीतरी चिचेचा पेला त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रिकामा केला. सेनोबियाने मात्र त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती कष्टाने वाकली, दोमितिलाची ओंजळ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि ती तशीच खड्ड्यापर्यंत नेली. "मला तरी सांगायचंस गं, वेडे..." एवढंच ती म्हणाली, आणि दोघी म्हाताऱ्या खड्ड्याच्या काठावर एकमेकींच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या.

दुपारी रेमिहियो बहिणीच्या खोलीत आला. सदऱ्यावरचा डाग तसाच होता. निवडणूक गेल्यात जमा होती, हे त्याला कळून चुकलं होतं.

"ताई, मी अजून काहीतरी करतो. तुला परत वर राहायची परवानगी..."

"मला एकटीला?"

 वरच्या घरांची छपरं केव्हाच उतरवली होती. दोमितिलाने त्याच्यापुढे सूपचा वाडगा ठेवला, भाकरी मोडून दिली. या वेळी तो थांबला. दोन घासांवरच वाडगा बाजूला सारून तो तिचा हात धरून लहान पोरासारखा विचारू लागला, "मला माफ करशील ना, ताई? कधीतरी...?"

"माफ तर मी सही करतानाच केलं होतं, रेमी," दोमितिला म्हणाली, आणि दोन वर्षांत प्रथमच तिचा आवाज चढला. "त्याचाच तर संताप येतो रे मला!"