निळ्या शाईतलं वाक्य

छापखान्याचा जिना अरुंद होता. सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाई तो तरातरा चढत होत्या, तर मधल्याच पायरीवर एक माणूस कागद पसरून बसलेला. बाईंनी त्यालाच विचारलं, तो शंकासुर कुठे बसतो? कथानक म्हणजे काय, निवेदक कोण, उपमा कशी ओळखायची, हे मुलांना समजावणारं त्यांचं छोटंसं पुस्तक इथे छापायला होतं, आणि त्याच्या पहिल्या मुद्रितावर, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या छापील प्रतीवर, इथल्या तपासनिसाने एक्केचाळीस शंका काढल्या होत्या.

"बहुतेक वेळ इथेच," तो सरकून जागा देत म्हणाला. "आत उजेड कमी आहे."

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण माघार घेतील तर त्या बाई कसल्या! त्याच पायरीवर बसून त्यांनी एकेक शंका निकालात काढायला घेतली. पंचविसाव्या शंकेला मात्र त्या अडल्या. 'संघर्ष' समजावायला त्यांनी रचलेल्या गोष्टीत कुणालाच काही हवं नव्हतं, मग संघर्ष येणार कुठून, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. तिसाव्या शंकेला त्यांच्या लक्षात आलं, की हा हसतो तेव्हा आधी डोळे हसतात, ओठ मागाहून.

मग मुद्रितं येत-जात राहिली. छापखान्याचा नियम सोपा होता. समासात पेन्सिलीने लिहिलेलं फक्त विचारण्यापुरतं, निळ्या शाईने लिहिलेलं मजकुरात घालायचं. त्यामुळे भांडण पेन्सिलीत चालायचं. तुमचा नायक फारच शहाणा आहे, असं तो लिहायचा. काही माणसं असतात शहाणी, अनुभव घेऊन बघा, असं त्या खाली लिहायच्या. एरवी तीन मुद्रितांत पुस्तक हातावेगळं होई, यांचं सातवं चाललं होतं. मालकांनी कपाळाला हात लावला होता.

त्याच मालकांनी एका दुपारी बोलता बोलता सांगितलं, की परगावच्या मोठ्या छापखान्याने त्याला बोलावलंय आणि शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय. हा गेला तर समासात भांडायचं कुणाशी? आणि खरं सांगायचं तर भांडणाचं काय एवढं... हाच हवा होता. घरी आल्या आल्या त्यांनी सातवं मुद्रित उघडलं, हाताला आलं ते पेन उचललं, समासात एक वाक्य लिहिलं आणि विचार बदलायच्या आत पाकीट धाडून दिलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तो शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीत दोघंच होती. त्याने आठवं मुद्रित टेबलावर ठेवलं आणि 'संघर्ष' या धड्याच्या शेवटी बोट टेकवलं. तिथे सुबक, काळ्याभोर अक्षरांत छापलेलं होतं — या माणसाने जाऊ नये असं मला फार वाटतं.

"खिळे जुळवणाऱ्या काकांनी इमानेइतबारे घातलंय," तो म्हणाला. "निळी शाई होती ना... मूळ प्रतीत मात्र हे नाही. काढू की ठेवू?"

बाईंचे कान तापले. वाक्य नजरचुकीने आलं, असं म्हणून सुटता आलं असतं. मुलांच्या उत्तरांतली लबाडी त्या लांबून ओळखत, स्वतःची कशी चालवून घेणार?

"पुस्तकातून काढा," त्या सरळ त्याच्याकडे बघत म्हणाल्या. "मुलांचा त्याच्याशी संबंध नाही. माझा आहे. तुम्ही मला आवडता, म्हणून तुम्ही जाऊ नये. यावर काही शंका?"

"एकही नाही," तो म्हणाला. मग त्याने कोपऱ्यातल्या टेलिफोनकडे बघितलं आणि वापरू का, असं विचारलं.

परगावच्या मालकांचा नंबर त्याला पाठ होता. आठवडाभर तो लावायचा आणि पुरता लागायच्या आत ठेवून द्यायचा, हे त्याने बाईंना पुढे कधीतरी सांगितलं. आज त्याने तो पुरता लावला. आपलं येणं जमणार नाही, असं त्याने नम्रपणे कळवलं. नाही, पगाराबद्दल काही म्हणणं नाही, असंही सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं, कारण तो थबकला आणि वळून बाईंकडे पाहत राहिला.

"घरगुती आहे," तो म्हणाला.